पारलिंगी स्त्रिया : चित्रपटांतील चित्रण

जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःस स्त्री मानून स्त्रीरूपाने जगणाऱ्या व्यक्तींना पारलिंगी स्त्रिया म्हणतात. हिजडा, जोगता (जोगप्पा), तमाशातील नाच्या आणि केवळ वेषांतर करणारा नट या वस्तुतः भिन्न कोटी होत. तथापि भारतीय चित्रपटांनी त्यांत क्वचितच भेद केला आहे.

पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची परंपरा मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठित होती. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. लंकादहन (१९१७) मध्ये तर राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याकडेच होत्या. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाला मिळालेली लोकप्रियता सर्वश्रुत आहे. हा आदर नटाच्या कौशल्याला होता. पडदा पडल्यावर तो पुन्हा पुरुष होत असे, हे प्रेक्षकांनी गृहीत धरले होते. जी व्यक्ती पडद्यामागेही स्त्रीच राहू इच्छिते, तिच्या वाट्याला या आदराचा अंशही आला नाही. पुढे स्त्रिया चित्रपटांत येऊ लागल्यावर पुरुषाचे लुगडे मुख्यतः विनोदाचे साधन उरले. अशी ही बनवाबनवी (१९८८) व चाची ४२० (१९९७) ही त्याची सुपरिचित उदाहरणे होत. त्यांतील वेषांतर गरजेपोटी असते व कथेच्या शेवटी उघडकीस येते. त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते.

प्रत्यक्ष हिजड्यांचे दर्शन हिंदी चित्रपटांत प्रथम गाण्यांतून ठळक झाले. कुंवारा बाप (१९७४) या मेहमूद यांच्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. अमर अकबर अँथनी (१९७७) मध्ये नायक त्यांना घेऊन प्रेयसीच्या बापाच्या दारात जातो, तो त्याची फजिती करण्यासाठी. टाळी आणि बधाई यांपलीकडे या समूहातील कोणालाही नाव नाही की कथा नाही.

नाव मिळाले ते खलपात्राला. महेश भट्ट यांच्या सडक (१९९१) मधील कुंटणखान्याची मालकीण ‘महाराणी’ सदाशिव अमरापूरकर यांनी रंगविली. मराठी रंगभूमीवर घडलेल्या या समर्थ नटाला तिच्याबद्दल फिल्मफेअरचे खलभूमिकेसाठीचे पारितोषिक मिळाले. ते त्या वर्गातील पहिलेच होते. अभिनय प्रभावी होता, यात शंका नाही. पण पात्राचे क्रौर्य आणि त्याचे हिजडा असणे ही एकच गोष्ट असल्याचा समज या यशाने दृढ केला, हेही नमूद केले पाहिजे.

नव्वदीच्या दशकात करुणेची छटा आली. मणिरत्नम यांच्या बॉम्बे (१९९५) मध्ये दंगलीत हरवलेल्या मुलाला आसरा देणारी हिजडा व्यक्ती दिसते. तमन्ना (१९९७) मध्ये परेश रावळ यांनी साकारलेला टिक्कू टाकून दिलेल्या मुलीला वाढवितो. मुंबईतील एका सत्यकथेवर आधारलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. कल्पना लाजमी यांच्या दरमियाँ (१९९७) मधील इम्मी जन्मतः द्विलिंगी आहे. त्यामुळे त्याची गणना या विषयात सैल अर्थानेच होते. अमोल पालेकर यांच्या दायरा (१९९६) मध्ये निर्मल पांडे यांनी स्त्रीवेषातील नर्तकाची भूमिका केली. हा चित्रपट शोकात्म असला तरी त्यातील व्यक्तिरेखेला स्वतःची इच्छा आहे, म्हणून तो इतरांहून वेगळा. श्याम बेनेगल यांच्या वेलकम टू सज्जनपूर (२००८) मधील मुन्नीबाई निवडणूक जिंकते आणि मारली जाते. सहानुभूती दाखविणाऱ्या चित्रपटांतही अशा पात्राची किंमत त्याच्या त्यागावरून किंवा मृत्यूवरून ठरते.

मराठीत जोगवा (२००९) आणि नटरंग (२०१०) हे दोन चित्रपट महत्त्वाचे. राजीव पाटील यांच्या जोगवा मध्ये देवीला सोडलेल्या व इच्छेविरुद्ध लुगडे नेसाव्या लागलेल्या तायप्पाची कथा आहे. या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आनंद यादवांच्या कादंबरीवरील नटरंग मध्ये कलेसाठी नाच्या झालेला गुणा समाजाची कुचेष्टा व अत्याचार सोसतो. रूढीची निर्दयता दोन्हींत धारदारपणे येते. परंतु तायप्पा व गुणा हे दोघेही मनाने पुरुषच आहेत. तायप्पाची सुटका त्याच्या पुरुषत्वाच्या पुनःस्वीकारात आहे. ज्या जोगत्याला लुगड्यातच स्वतःचे खरे रूप सापडते, त्याची कथा या दोन्ही चित्रपटांच्या चौकटीत बसत नाही.

दक्षिणेत आणि बंगालमध्ये हे क्षेत्र अधिक विस्तारले. नानू अवनल्ला... अवळु (कन्नड, २०१५) हा लिव्हिंग स्माईल विद्या यांच्या आत्मकथनावर आधारित असून त्यातील भूमिकेसाठी संचारी विजय यांना, तर कौशिक गांगुली यांच्या नगरकीर्तन (बंगाली) साठी ऋद्धी सेन यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. सुपर डीलक्स (तमिळ, २०१९) मधील शिल्पाच्या भूमिकेबद्दल विजय सेतुपती यांना साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. पारितोषिकांची ही मालिका बोलकी आहे : स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीची भूमिका पुरुषाने करावी व तिचा गौरव पुरुषाच्या नावे व्हावा, ही व्यवस्था सहृदय चित्रपटांनीही मोडली नाही. अशा पात्राच्या साडीआड पुरुष नटाचेच शरीर आहे, हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असते. त्यामुळे पात्राचे स्त्रीत्व त्याला सोंगच वाटण्याचा धोका राहतो. शिवाय उपजीविकेचे मार्ग आधीच मोजके असलेल्या समाजाच्या हातून त्याची स्वतःची भूमिकाही जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःचे लिंग ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्या प्रकरणात मुंबईच्या गौरी सावंत यांचाही सहभाग होता. नटरंग चे दिग्दर्शक रवी जाधव यांनी त्यांच्या जीवनावर ताली (२०२३) ही वेबमालिका केली; तीत सुश्मिता सेन यांनी काम केले. चंडीगढ करे आशिकी (२०२१) मध्येही नायिका वाणी कपूर होत्या. म्हणजे पुरुष नटाच्या जागी स्त्री नटी आली, इतकाच पालट झाला. याला अपवाद आढळतात ते प्रामुख्याने दक्षिणेत. तमिळ नर्तकी (२०११) मध्ये कल्की सुब्रमण्यम व पेरंबू (२०१९) मध्ये अंजली अमीर या पारलिंगी स्त्रियांनी स्वतः भूमिका केल्या. मलयाळम अंतरम् मधील कामाबद्दल नेघा एस. यांना २०२२ मध्ये केरळ राज्याचे विशेष चित्रपट पारितोषिक जाहीर झाले.