ओहोटीची वेळ

"चार दिवस समुद्रकाठी जाऊन पडा आणि काही म्हणजे काही करू नका," असे आमच्या डॉक्टरांनी मला बजावले, तेव्हा ते एका मास्तराशी बोलत आहेत हे ते विसरले असावेत. मास्तराला काही न करण्याची सवय नसते. तरीही २०२३च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही उभयता अलिबागला गेलो. सौभाग्यवतीने निघताना माझ्या पिशवीतून दोन वह्या आणि तपासायचे गठ्ठे काढून घेतले. एक वही तेवढी धोतरजोडीच्या घडीत राहिली, ती मात्र तिला सापडली नाही.

त्या वहीच्या पहिल्याच पानावर एक प्रश्न होता. सातवीतल्या एका मुलाने भर वर्गात विचारलेला. त्याच्या मामाने मुंबईहून त्याला समुद्री चाच्यांवरचे एक इंग्रजी चित्रांचे पुस्तक आणून दिले होते आणि त्यात आमचे कान्होजी आंग्रे! "गुरुजी, कान्होजी चाचे होते का?" मी ताडकन म्हणालो, "खाली बस. ते इंग्रजांनी लिहिलेले आहे." पोरगे बसले. चार महिन्यांनी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते गाव सोडून गेले. पण खाली बस म्हणणे हे काही उत्तर नव्हे, हे त्याला कळले होते आणि मलाही. ते माझ्या मनात सलत होते.

असो. अलिबागला माणसाने काय करावे, असे कोणी विचारले तर मी पहिल्याप्रथम सांगेन, की सकाळी नारळी-पोफळींच्या वाडीत बसून चहा प्यावा. आमचा मुक्काम अशाच एका वाडीत होता. घरमालकीणबाई दुपारी वालाचे बिरडे करीत आणि रात्री ताजी मासळी. एका संध्याकाळी त्यांच्या मुलांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, मग मडके उपडे घालून भोवती जाळ. त्या शेंगांना जो वास येतो तो कागदावर उतरवता येत नाही, तेव्हा त्या फंदात मी पडत नाही.

दत्तजयंती होती म्हणून चौलच्या टेकडीवरच्या जत्रेलाही जाऊन आलो. पायऱ्या चढताना सौभाग्यवती पुढे आणि मी मागे. या चौलला १४६९मध्ये अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन उतरला होता. आज त्या बंदराच्या जागी माडांच्या वाड्या आहेत. परतताना इस्राएल आळीतले सिनेगॉग पाहिले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल लोकांची ही आळी. अली नावाच्या त्यांच्याच एका धनिकाने विहिरी खणून बागा केल्या, म्हणून हे अलिबाग, अशी कथा सांगतात. १९४८ नंतर बरीच मंडळी इस्राएलला गेली, पण मराठी बरोबर घेऊन गेली. "अलिबागहून आलास का?" असे म्हणून भोळ्या माणसाची थट्टा करणाऱ्यांनी ही आळी एकदा पाहावी. त्या थट्टेवर बंदी घाला म्हणून एक गृहस्थ २०१९मध्ये उच्च न्यायालयातही गेले होते. न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि माझ्या मते ठीक केले.

परंतु खरे वेड मला लागले ते समोरच्या किल्ल्याचे. कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला जमिनीचा शेजारी. जाण्याची वेळ काढायला कोकणात एक जुने गणित आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता भरती, आणि तिथून सहा तास मागेपुढे ओहोटी. तृतीयेचे तीन, त्याचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती आणि साधारण साडेआठला ओहोटी. मी हे गणित किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला मोठ्या ऐटीत सांगितले आणि म्हटले, "मग अष्टमीला बरोबर बाराला चालत जाता येईल." तो हसला. "मास्तर, गणित बरोबर हाय. पन अष्टमीला भांग असतो. पानी वाढत बी नाय नि हटत बी नाय. चालत जायाचं तर उधानाच्या दिसांतच." पुनवेच्या नि अवसेच्या पुढच्या दोनतीन दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही खोल. बेरीज-वजाबाकी मला येत होती, समुद्र त्याला येत होता.

तेव्हा आम्ही पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी चपला हातात घेऊन निघालो. ओल्या वाळूवर, मध्येच घोटाभर पाण्यातून. शिवाजीमहाराजांनी १६८०मध्ये, आपल्या अखेरच्या वर्षी, हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजीमहाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाजवळ गेलात की प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले दिसतात, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच विरतो. चुन्याने सांधा बंद केला असता तर तोच जोर भिंतीवर बसला असता. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. तिथे सौभाग्यवती बसली आणि मी तोफा पाहायला गेलो.

उत्तरेच्या बाजूला गाड्यांवर दोन तोफा आहेत. एक कुटुंब आपल्या मुलाला तोफेवर बसवून "कान्होजींच्या तोफेवर बसलास बरं का!" असे सांगत छायाचित्र काढत होते. मी जवळ जाऊन पाहिले. तोफ इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेली, साल १८४९. कान्होजी वारले १७२९मध्ये. वारस नाही म्हणून कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले १८४०मध्ये. म्हणजे ही तोफ आंग्र्यांची नव्हेच, त्यांचे राज्य गिळून बसलेल्यांच्या काळची. पोराच्या बापाला हे सांगावे की न सांगावे? मी सांगितले नाही. आणि त्याच क्षणी वर्गातली ती घटना आठवली. तिथे मी खोटे बोललो नव्हतो, इथेही बोललो नाही, पण दोन्ही वेळा पोराला अर्धेच मिळाले.

तटावर बसून मी वही काढली. कान्होजी काय करत? आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी सरखेलांचा दस्तक घ्यावा, नाहीतर गलबत धरले जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज दोनशे वर्षे नेमके हेच करत आले होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. स्वतः परवाने विकणारा दुसऱ्याच्या परवान्याला चाचेगिरी म्हणतो, यात नवल नाही. १७१८मध्ये इंग्रजांनी खांदेरी घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून याच कुलाब्यावर चालून आले. इंग्रजांकडे कमोडोर मॅथ्यूजची शाही जहाजे होती. इकडून बाजीराव पेशवे धावून आले, पोर्तुगीजांनी १७२२च्या जानेवारीत परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. गंमत अशी, की चाच्यांचा बीमोड करायला आलेल्या या मॅथ्यूजवर पुढे विलायतेत खाजगी व्यापार केल्याबद्दल खटला होऊन तो दोषी ठरला.

इथेच थांबलो असतो तर बरे वाटले असते. परंतु १७१२मध्ये मुंबईहून कारवारला निघालेले एक इंग्रजी जहाज आंग्र्यांच्या आरमाराने पकडले. कारवार वखारीचा प्रमुख थॉमस चाउन त्या लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कॅथरीन कैदेत पडली. तिला सोडायला मुंबईकरांनी तीस हजार रुपये मोजले. हेही त्या मुलाला सांगायला हवे होते. आणि याहून कडू गोष्ट ही, की पुढे आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी माजली, कान्होजींचे पुत्र तुळाजी पेशव्यांना जुमानीनात, म्हणून नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात ते आरमार जळाले आणि तुळाजींचा उरलेला जन्म कैदेत गेला. बापाच्या मदतीला बाजीराव धावले, मुलाच्या आरमाराला आग लागली ती बाजीरावांच्या मुलाच्या मदतीने. मला तरी ही फार मोठी चूक वाटते. त्या समुद्रावर इंग्रजांना अडवील असे दुसरे कोणी उरले नव्हते.

"अहो, पाणी चढायला लागलं!" सौभाग्यवतीने हाक मारली. परतताना पाणी पोटऱ्यांपर्यंत आले होते. वही मी डोक्यावर धरली होती, आणि ती आता तिला दिसलीच. बोलली काही नाही.

शेवटच्या दिवशी गावातली कान्होजींची समाधी पाहिली आणि भूचुंबकीय वेधशाळेवरून एक फेरी मारली. मुंबईच्या कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून काटे बिघडतील, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी १९०४मध्ये हे काम इथे आणले, आणि इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून पोरबंदरी दगड निवडून वापरला. पेशवाईतल्या भांडणांपेक्षा हे किती नीट झाले, असे मी म्हणालो. "तिथे भाऊबंद नव्हते," सौभाग्यवती म्हणाली.

घरी आल्यावर शाळेच्या दप्तरातून त्या मुलाच्या नव्या शाळेचे नाव मिळवले आणि त्याला चार पानी पत्र लिहिले. दस्तक, कार्ताझ, कॅथरीनबाई, तुळाजी, १८४९ची तोफ, सगळे. तुला खाली बसवले ते चुकले, असेही लिहिले. शेवटी एक गणित घातले: तिथी पंचमी, ओहोटी किती वाजता?

पंधरा दिवसांनी उत्तर आले. "गुरुजी, भरती पावणेचारला, म्हणून ओहोटी साधारण दहाला. पण ते तीस हजार रुपये कान्होजींनी कशावर खर्च केले?"

त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.