गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर पुढे काय होतं?

आयव्हीएफमध्ये तयार झालेले जास्तीचे भ्रूण उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले जातात. भारतात 2021च्या कायद्यानुसार ते 10 वर्षांपर्यंत जतन करता येतात.

भ्रूण सोडण्याआधी गर्भाशयाचं अस्तर तयार करावं लागतं. त्यासाठी बहुतेकदा साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात, सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात आणि मग प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. प्रत्यक्ष प्रक्रिया काही मिनिटांची. बारीक नळीने भ्रूण आत सोडतात, भूल सहसा लागत नाही. काही भ्रूण वितळवताना टिकत नाहीत, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

खरी कसोटी त्यानंतरची. ‘पलंगावरून उठू नकोस’ असं घरोघरी बजावलं जातं. पण चालल्याने भ्रूण खाली पडत नाही आणि झोपून राहण्याचा फायदाही दिसलेला नाही. छाती जड होणं, पोट फुगणं हे प्रोजेस्टेरॉनमुळेही होतं, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. थोडा रक्तस्राव झाला म्हणून ‘संपलं सगळं’ असं समजून औषधं स्वतःहून बंद करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं. उत्तर मिळतं ते साधारण 10 ते 14 दिवसांनी, बीटा एचसीजीच्या रक्तचाचणीतून.