कॅम्पिंग ट्रेलरची बॅटरी : निवड आणि चाचणी

पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये तयार केली. 1881 मध्ये कामीय फोर यांनी पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप दिला आणि तिची क्षमता वाढली. मोटारीच्या बॅटरीला इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह द्यावा लागतो, म्हणून तिच्या पट्ट्या पातळ असतात. ट्रेलरमधील दिवे व पंप तासन्‌तास चालतात. त्यासाठी जाड पट्ट्यांची डीप-सायकल बॅटरी योग्य ठरते. सीलबंद जेल बॅटरी 1950च्या दशकात जर्मनीत आली. लिथियम आयर्न फॉस्फेटचा उपयोग जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 मध्ये मांडला. त्यातून वजनाने हलक्या बॅटऱ्या घडल्या.

चाचणीची जुनी पद्धत हायड्रोमीटरची. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.265 असते. सीलबंद बॅटरीत हे मोजता येत नाही. काही तास विसावलेल्या, पूर्ण चार्ज शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे 12.6 ते 12.7 व्होल्ट असतो. मात्र त्यावरून क्षमता कळत नाही. खरी कसोटी भाराची : 100 अँपिअर-तासांची नवी बॅटरी 5 अँपिअरच्या भारावर दाब 10.5 व्होल्टवर येईपर्यंत सुमारे 20 तास चालायला हवी.