हानी गणना (पोकेमॉन)

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत एका पोकेमॉनने केलेल्या हल्ल्यामुळे दुसऱ्या पोकेमॉनचे जीवनगुण (एचपी) किती घटतील, हे ठरविण्याच्या गणिती पद्धतीस हानी गणना म्हणतात. गेम फ्रीक या कंपनीने विकसित केलेल्या या मालिकेचे पहिले खेळ, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉय या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मुख्य मालिकेतील सूत्राचा गाभा कायम असून त्यास जोडले जाणारे गुणक मात्र वेळोवेळी बदलले आहेत.

मूळ सूत्र

गणनेत चार राशी मूलभूत असतात: हल्लेखोराची पातळी, वापरलेल्या चालीची शक्ती, हल्लेखोराचा हल्ला-गुण आणि लक्ष्याचा बचाव-गुण.

मूळ हानी = [(२ × पातळी ÷ ५ + २) × शक्ती × हल्ला ÷ बचाव] ÷ ५० + २

प्रत्येक भागाकारानंतर अपूर्णांक सोडून दिला जातो. चाल शारीरिक असल्यास हल्ला व बचाव हे गुण, तर विशेष असल्यास विशेष हल्ला व विशेष बचाव हे गुण घेतले जातात. हल्ला आणि बचाव यांचे गुणोत्तर घेतले जात असल्याने हल्ला दुप्पट करणे आणि प्रतिस्पर्ध्याचा बचाव निम्मा करणे यांचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो.

गुणक

मूळ हानीस पुढील गुणकांनी गुणले जाते. येथे दिलेली मूल्ये सहाव्या पिढीपासूनची आहेत.

* अनेक लक्ष्ये: दुहेरी लढतीत एकच चाल एकाहून अधिक लक्ष्यांवर पडल्यास ०.७५.
* हवामान: पावसात जल प्रकारच्या चालींस १.५ आणि अग्नी प्रकारच्या चालींस ०.५, कडक उन्हात याच्या उलट.
* क्रिटिकल हिट: १.५.
* यादृच्छिक गुणक: ०.८५ ते १.०० यांमधील सोळा मूल्यांपैकी कोणतेही एक.
* स्वप्रकार: चालीचा प्रकार हल्लेखोराच्या स्वतःच्या प्रकाराशी जुळल्यास १.५. खेळाडूंमध्ये हा गुणक ‘स्टॅब’ या नावाने ओळखला जातो.
* प्रकारांची परिणामकारकता: लक्ष्याच्या प्रत्येक प्रकारासाठी २, १, ०.५ किंवा ०. दोन प्रकारांच्या पोकेमॉनसाठी दोन्ही मूल्यांचा गुणाकार होतो.
* भाजल्याची अवस्था: हल्लेखोर भाजलेला असल्यास शारीरिक चालींस ०.५.

उदाहरण

अधिकृत स्पर्धांमध्ये बहुधा सर्व पोकेमॉन ५० व्या पातळीवर लढतात. या पातळीवर सर्वोच्च जन्मजात गुण, तटस्थ स्वभाव आणि कोणतेही अतिरिक्त प्रशिक्षण नसलेल्या पिकाचूचा विशेष हल्ला ७० असतो. त्याच अटींवर ग्याराडोसचा विशेष बचाव १२० आणि एचपी १७० असतात. पिकाचूने ९० शक्तीची थंडरबोल्ट ही चाल वापरल्यास गणना पुढीलप्रमाणे होते.

१. पातळीचा घटक: २ × ५० ÷ ५ + २ = २२.
२. २२ × ९० × ७० ÷ १२० = १,१५५.
३. १,१५५ ÷ ५० = २३.१, अपूर्णांक सोडून २३. त्यात २ मिळवून मूळ हानी २५.
४. यादृच्छिक गुणकानंतर किमान २१, कमाल २५.
५. स्वप्रकार गुणकानंतर (× १.५) ३१ ते ३७.
६. ग्याराडोस जल आणि उड्डाण या प्रकारांचा असून दोन्ही प्रकार विद्युत चालींपुढे दुर्बल असल्याने गुणक २ × २ = ४. अंतिम हानी १२४ ते १४८.

चौपट परिणाम होऊनही ग्याराडोसचे किमान २२ एचपी शिल्लक राहतात, म्हणजेच तो एका फटक्यात बाद होत नाही. क्रिटिकल हिट झाल्यास मात्र हानी १८४ ते २२० होते आणि यादृच्छिक गुणक कोणताही असला तरी तो बाद होतो. स्पर्धेत उतरणारे खेळाडू अशी किमान व कमाल मूल्ये आधीच काढून हल्ला करावा की पोकेमॉन बदलावा हे ठरवितात. हाच हल्ला भूमी प्रकारच्या पोकेमॉनवर केल्यास परिणामकारकता शून्य असल्याने काहीही हानी होत नाही.

पिढ्यांनुसार बदल

पहिल्या पिढीत विशेष हल्ला व विशेष बचाव यांसाठी ‘स्पेशल’ हा एकच गुण होता. दुसऱ्या पिढीत (गोल्ड आणि सिल्व्हर, १९९९) त्याची विभागणी झाली. पहिल्या पिढीत क्रिटिकल हिटची शक्यता पोकेमॉनच्या वेगावर अवलंबून होती आणि असा फटका बसल्यास सूत्रातील पातळी दुप्पट धरली जाई. दुसऱ्या ते पाचव्या पिढीत क्रिटिकल हिटचा गुणक २ होता. तिसऱ्या पिढीपर्यंत चाल शारीरिक आहे की विशेष हे तिच्या प्रकारावरून ठरत असे. चौथ्या पिढीपासून (डायमंड आणि पर्ल, २००६) हे प्रत्येक चालीसाठी स्वतंत्रपणे ठरविले जाऊ लागले.

पोकेमॉन गो

नायअँटिक कंपनीचा पोकेमॉन गो हा मोबाइल खेळ जुलै २०१६ मध्ये काही देशांत सुरू झाला. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतरीत्या उपलब्ध झाला. यातील सूत्र अधिक सोपे आहे.

हानी = (०.५ × शक्ती × हल्ला ÷ बचाव × गुणक) यातील पूर्णांक भाग + १

येथे क्रिटिकल हिट व यादृच्छिक गुणक नाहीत. स्वप्रकार गुणक १.२ असून प्रभावी प्रकारासाठी १.६ आणि दुहेरी प्रभावासाठी २.५६ हा गुणक आहे. जिम व रेड लढतींमध्ये खेळाडूच्या ठिकाणच्या प्रत्यक्ष हवामानावर आधारित १.२ चा गुणकही लागू होतो. हवामानाची ही सोय डिसेंबर २०१७ मध्ये आली. पावसात जल, विद्युत आणि कीटक प्रकारच्या चालींना लाभ मिळतो. त्यामुळे दादर किंवा परळ येथे पावसाळ्यात खेळताना, खेळात पावसाची नोंद असल्यास, पिकाचूच्या विद्युत चालीचा ग्याराडोसवरील एकूण गुणक १.२ × २.५६ = ३.०७ वरून सुमारे ३.६९ होतो. त्याच पावसात ग्याराडोसच्या जल चालीही तितक्याच प्रमाणात बळावतात.

पूर्णांक भागच घेतला जात असल्याने कंसातील मूल्य ७.९ असल्यास हानी ८, तर ८.० झाल्यास ९ होते. हल्ला-गुणातील किरकोळ वाढ म्हणून कधी निष्फळ ठरते, तर कधी प्रत्येक फटक्यामागे एक गुण अधिक मिळवून देते. अशा सीमारेषेस खेळाडू ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात.