दिल्लीतील विधी शिक्षण : वर्ग ते न्यायालय

कायद्याची पदवी घेऊन राज्य वकील परिषदेची सनद मिळविलेला तरुण लगेच अशिलाची बाजू मांडू शकतो. ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. भारतीय वकील परिषदेने १९९५ मध्ये सनदेपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता. परिषदेला तसा अधिकार नसल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या तयारीचा मोठा भार अभ्यासक्रमावरच येतो.

राजधानीत या शिक्षणाचे दोन प्रमुख प्रवाह आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या विधी विद्याशाखेत पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. द्वारका येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठात २००८ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो.

वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार चार प्रात्यक्षिक विषय सर्वत्र अनिवार्य आहेत : वादपत्रे व दस्तऐवजांचे मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटा निवारण आणि अभिरूप न्यायालय. शेवटच्या विषयात विद्यार्थ्याला किमान तीन अभिरूप खटले चालवावे लागतात. एका दिवाणी व एका फौजदारी खटल्याचे कामकाज पाहून त्याची नोंद ठेवावी लागते, तसेच वकील आणि अशील यांच्यातील दोन भेटींना उपस्थित राहावे लागते.

याशिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. मात्र एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. तीस हजारी किंवा साकेतच्या न्यायालयात दिवाणी दावा अनेक वर्षे चालू शकतो. त्यामुळे दाखल होण्यापासून निकालापर्यंतचा एकही दावा न पाहता विद्यार्थी पदवीधर होऊ शकतो.

ही उणीव अशिलाला महाग पडू शकते. वादपत्रात दाव्याचे कारण स्पष्ट नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ते सुनावणीपूर्वीच नामंजूर होऊ शकते.

वकिलीसाठी अखिल भारतीय वकील परीक्षाही द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही परीक्षा वैध ठरविली आणि १९९९ चा निर्णय योग्य नसल्याचे म्हटले. तथापि, ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावी, हे नवा वकील आजही प्रामुख्याने ज्येष्ठांच्या सहवासातच शिकतो.