बर्फाखालचे शेवाळ आणि अंटार्क्टिक करारातील भारताची जागा

१२ सप्टेंबर १९८३ रोजी अंटार्क्टिक करारात भारताला सल्लागार सदस्याचा, म्हणजे निर्णयात मत देण्याचा दर्जा मिळाला. त्याचे श्रेय बहुधा मुत्सद्देगिरीला दिले जाते. परंतु १९५९ च्या या कराराची अट वेगळी होती : मागाहून येणाऱ्या देशाने त्या खंडावर भरीव संशोधन करून दाखवावे, आणि ते चालू असेतोवरच त्याचा मताधिकार राहील. समुद्रातील शेवाळाची मोजदाद त्यामुळे परराष्ट्रनीतीच्या कक्षेत आली.

मोजायचे काय, हे समजण्यास अंटार्क्टिकाला जावे लागत नाही. भोरजवळच्या उत्रोलीतही उन्हाळ्यात डबके आटले की हिरवे शेवाळ तपकिरी पडते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. पेशी मेली किंवा एखाद्या सूक्ष्म प्राण्याच्या पोटात गेली की तो निसटतो आणि फिओफायटिनसारखी मळकट रंगद्रव्ये उरतात. उघड्या समुद्रात सूर्यप्रकाश हे अवशेषही झपाट्याने नष्ट करतो. किनाऱ्यालगतच्या गोठलेल्या समुद्राखाली उजेड क्षीण, म्हणून तेथे ते अधिक टिकतात. कोण जगले आणि कोण खाल्ले गेले, याचा तो दफ्तरखानाच म्हणावा.

मात्र तेथील प्रत्येक तपकिरी डाग मृत्यूचा नसतो. १८३९ ते १८४३ या काळात जेम्स रॉस यांच्या दक्षिण मोहिमेत तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना तपकिरी डागांचा बर्फ आढळला. त्यांनी पाठविलेल्या नमुन्यांत बर्लिनच्या एरेनबर्ग यांना डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल दिसले. जिवंत डायटमही तपकिरीच असतात, कारण त्यांच्यातील फ्युकोझँथिन हरितद्रव्याचा रंग झाकते. (हेच हूकर पुढे सिक्कीमच्या हिमालयात हिंडले.)

तेव्हा नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. १९६७ साली लॉरेन्झन यांनी यावर सोपी पद्धत मांडली. समुद्राचे पाणी गाळायचे, गाळणीवरचा थर ॲसिटोनमध्ये उतरवायचा, त्याचे प्रकाशशोषण मोजायचे. मग आम्ल घालून पुन्हा मोजायचे. आम्लाने हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते, पण आधीच विघटित झालेल्या रंगद्रव्यात फरक पडत नाही. दोन मापांतील अंतरावरून ताजे किती आणि शिळे किती, हे कळते.

योगायोग असा की त्याच वर्षी कोचीच्या खाजणातील वनस्पती-रंगद्रव्यांवर सय्यद जहूर कासिम आणि सी. व्ही. जी. रेड्डी यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हेच कासिम पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि ६ डिसेंबर १९८१ रोजी २१ जणांसह गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे नेते. ९ जानेवारी १९८२ रोजी हे पथक अंटार्क्टिकावर उतरले.

डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत त्याच संस्थेच्या अदिती पंत होत्या. जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, पुढील शिक्षण हवाईत आणि लंडनला. डॉक्टरेटचा विषय सागरी शैवालांचे शरीरक्रियाविज्ञान. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. पंत यांची ओळख आजही या ‘पहिल्या’पणापाशीच थांबते, हे त्यांच्या विद्वत्तेला न्याय देणारे नाही. सागरी अन्नसाखळीचा अभ्यास करण्यासाठी त्या तेथे गेल्या होत्या, आणि त्या साखळीची पहिली कडी शैवालच आहे.

या अन्नसाखळीवर तेव्हा जगाचा डोळा होता. हिवाळ्यात क्रिलची पिल्ले बर्फाच्या तळाशी चिकटलेल्या शैवालावर तग धरतात. व्हेल, सील आणि पेंग्विन क्रिलवर जगतात. सोव्हिएत जहाजांचा मोठा वाटा असलेली क्रिलची पकड १९८१-८२ च्या हंगामात ५ लाख टनांवर गेली. किती पकडावे हे ठरविण्यास आधी बर्फाखाली किती पिकते हे ठाऊक असावे लागते. अंटार्क्टिक सागरी जीवसंपत्तीच्या रक्षणाचा स्वतंत्र करार १९८२ मध्ये अमलात आला. भारत त्यात १९८५ साली सामील झाला.