खाणीचे छत

दामोदर नदीच्या काठी कोळशाचा थर जिथे आपसूक उघडा पडला होता, तिथूनच आपण निघू. १७७४ साली जॉन समनर आणि स्युटोनियस ग्रँट हीटली या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोघा नोकरांनी वॉरन हेस्टिंग्जकडून परवाना मिळवला आणि राणीगंज परिसरात खोदकाम आरंभले. ते पावसाळी नदीतून होड्यांनी माल कलकत्त्याला धाडण्याइतपतच होते. १८३६ मध्ये राणीगंजची खाण द्वारकानाथ टागोरांनी विकत घेतली. आपण त्यांना रवींद्रनाथांचे आजोबा म्हणून ओळखतो, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच म्हणायचा. १८५५ मध्ये रेल्वे राणीगंजला पोहोचली आणि होड्यांचे दिवस सरले.

थर जसजसा खोल जाऊ लागला, तसा एक प्रश्न उभा राहिला: माथ्यावरचा खडक पेलायचा कशाने? उत्तर कोळशातच सापडले. आडवे-उभे बोगदे काढायचे आणि मधले चौकोनी खांब तसेच सोडायचे. 'बोर्ड अँड पिलर' नावाची ही पद्धत भारतीय भूमिगत खाणींत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिच्यात कोळशाचा मोठा वाटा छत पेलण्यातच अडकून पडे. जोडीला लाकडी टेकू असत. ते मोडण्याआधी करकरतात, म्हणून अनुभवी कामगारांचा त्यांच्यावर लोखंडापेक्षा जास्त भरवसा. पहारीने छत ठोकून पाहायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर मागे सरायचे. पुढे खांबही काढायला घेतले, म्हणजे छत मुद्दाम पाडणे आले. जिथे पाडणे परवडत नसे, तिथे पोकळीत वाळू भरली जाई.

आपल्याकडे वर्धा खोऱ्यात वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ पासून चालली आणि १९०६ मध्ये बंद पडली. तिची जागा बल्लारपूरने घेतली. १९७३ च्या कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर मात्र यंत्रांनी छताचा प्रश्नच मोडीत काढला. सुरुंग, शॉवेल, डंपर लावून वरची माती-खडक, ज्याला खाणीत 'ओबी' म्हणतात, ते सगळे उचलून बाजूला टाकायचे. आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा अशा ओपनकास्ट खाणींतून येतो, आणि चंद्रपूरच्या आसपास ओबीचे डोंगर उभे राहिले आहेत. काही ठिकाणी तर जुन्या भूमिगत खाणीच वरून उघडल्या जातात. आजोबांनी छतासाठी सोडलेले खांब तिथे नातवांच्या डंपरमध्ये भरले जातात.